ठिपक्यांचा पूल

सोमवार, ४ मार्च

ताई येतेय. गुरुवारी सकाळी, चार दिवसांसाठी. गुडघ्याचं ऑपरेशन वीस तारखेला आहे, त्याआधी तुझं शहर एकदा बघून घेते म्हणाली. मी इथे बावीस वर्षं आहे आणि ती पहिल्यांदा येतेय. यात माझा दोष नाही. आधी घर लहान होतं. घर मोठं झालं तेव्हा रजा नव्हती. रजा साठली तेव्हा विषय निघाला नाही.

संकल्प : शहर मीच दाखवणार. बायको म्हणाली, टुरिस्ट बसचं बुकिंग करू, वरून उघडी असते, ताईंना बसल्या जागी सगळं दिसेल. मी साफ नाही म्हणालो. ज्या शहराचा टुरिस्ट मॅप माझ्या सहीशिवाय छपाईला जात नाही, त्या शहरात माझ्या सख्ख्या बहिणीने लाल टोपी घालून, कानात वायर खुपसून फिरायचं? मी नकाशा विभागाचा मुख्य मुद्रितशोधक आहे. (विभागात मी एकटाच आहे. पण मुख्य कुणीतरी असावंच लागतं.)

बायकोने विचारलं, यातलं तुम्ही स्वतः काय काय पाहिलंय? उत्तर दिलं नाही. प्रश्नाचा सूर बरोबर नव्हता.

मंगळवार, ५ मार्च

टाइमटेबल तयार. शनिवारी मुख्य सफर. म्युझियम ९.०० ते ९.४०. जुना बाजार १०.००. घड्याळाचा मनोरा १०.४०. नदीकाठ ११.१०. पूल ११.२०. पलीकडे टेकडीवरची बाग ११.३५, तिथून संपूर्ण शहराचं दर्शन, फोटो, घरी.

बायको म्हणाली, अहो, ताईंना आपला जिना चढताना दोनदा थांबावं लागेल, एवढं चालवणार त्यांना? मी नकाशावर फुटपट्टी लावून दाखवलं. सगळं मिळून साडेअकरा सेंटिमीटर.

बुधवार, ६ मार्च. सकाळी ६.००

रूटची रंगीत तालीम करण्यासाठी उठलो. घसा किंचित खवखवतोय.

सकाळी ८.३०

घसा बरा आहे, पण आता ऊन झालं. शिवाय बावीस एडिशन्स ज्याच्या हाताखालून गेल्या, त्याने तालीम करणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास दाखवणं. बायकोला तसं सांगितलं. ती हं म्हणाली. तिच्या हं-चे चार प्रकार आहेत, हा तिसरा.

गुरुवार, ७ मार्च

ताई आली. वाळलीये. चालताना डावा पाय आधी टाकते आणि मग उजव्याची वाट बघते.

टॅक्सीत ड्रायव्हरला आधीच सांगत होती, आता नाट्यगृह येईल, मग तीन रस्ते फुटतील. आलं. फुटले. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, इथल्याच का? ती म्हणाली, नाही रे बाबा, भाऊ दर वर्षी नकाशा पाठवतो ना! मी खिडकीबाहेर बघत होतो. नाट्यगृह बरंच मोठं आहे.

दुपारी तिने पिशवीतून नकाशे काढले. बावीसच्या बावीस. घड्यांवर फाटू नयेत म्हणून मागून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्यात. नवा आला की जेवणं आटोपून बसते म्हणे आणि बोटाने सगळं शहर फिरते. शेजारी राहणारी नणंद बघून हसते, म्हणते, वहिनी, तुमचा भाऊ नकाशे बरे पाठवतो, बोलावणं नाही पाठवत! ताईने हे हसत हसत सांगितलं. मी पण हसलो. बायको भांडी लावायला उठून गेली.

तिला एकच गोष्ट बघायचीये. पूल. म्हणाली, बाकी सगळं जाड रेघांनी काढलंय, हाच तेवढा ठिपक्यांचा. किती नाजूक असेल रे! नणंदेला सांगून आलेय, भावाचा हात धरून तो पूल ओलांडल्याशिवाय परत यायची नाही.

मी म्हणालो, शनिवारी, ११.२०.

शुक्रवार, ८ मार्च

विश्रांतीचा दिवस (टाइमटेबलप्रमाणे). ताईने विचारलं, पूल लोखंडी आहे की लाकडी? लाकडी, म्हणालो. ठिपके म्हणजे एकेक फळी. ताईला पटलं. थोड्या वेळाने मलाही पटलं.

संध्याकाळी तिने विचारलं, हलतो का रे? थोडासा हलतो, पण सुरक्षित आहे, असं सांगितलं.

बायकोचा हं, प्रकार चौथा.

शनिवार, ९ मार्च. संध्याकाळी ५.४०

क्रमाने लिहितो, म्हणजे नीट लिहिलं जाईल.

म्युझियम दुरुस्तीसाठी बंद. दोन वर्षांपासून. वॉचमन म्हणाला, बाहेरून बघा, बाहेरूनच चांगलं आहे. साडेअकरापैकी पहिल्या तीन सेंटिमीटरला पाऊण तास लागला. जुन्या बाजारात ताई एका छत्रीवाल्याच्या स्टुलावर बसली. मनोऱ्यापाशी पायरीवर बसली. त्यानंतर कुठे कुठे बसली, ते मोजलं नाही. दर वेळी म्हणायची, तू हो पुढे, मी आलेच. आणि उठताना माझ्या खांद्याला धरायची. तिच्या हाताला वजन उरलं नाहीये.

नदीकाठ १.५० ला. पूल जागेवर नव्हता.

मी काठाने शंभर पावलं वर गेलो, शंभर पावलं खाली आलो. पूल तिथेही नव्हता. तसा नदीवर पूल नव्हताच, म्हणजे मोटारींचा होता, तो लांब धुरकट दिसत होता.

एक माणूस होडी उपडी घालून रंगवत होता. ब्रश खाली न ठेवता म्हणाला, पुलाला आलात? बसा, बसा, तो बाक नकाशावाल्यांचाच आहे. मीच ठेवलाय. आठवड्याला एखादं तरी कुटुंब येतं. मागे एका जोडप्याचं इथेच जुंपलं, नवरा म्हणे तू नकाशा उलटा धरलास, बायको म्हणे तूच उलटा आहेस. पूल व्हायचा होता हो कधीकाळी. दोन खांब रोवले होते. ते पुरात गेले, मग साहेबही बदलले. ताईने विचारलं, होडीने पलीकडे सोडता का? तो म्हणाला, आजी, सोडलं असतं हो, पण ही एकच आहे आणि रंग ओला आहे.

मग म्हणाला, हा नकाशा तपासणारा एकदा मला भेटायला पाहिजे. होडीत बसवीन आणि मधोमध नेऊन म्हणीन, उतर, तुझा पूल आला.

मी म्हणालो, बेजबाबदार लोक असतात हो. जागेवर न जाता घरबसल्या छापतात.

हे मी म्हणालो. मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण आत्तापासूनच ते वाक्य होडीवाल्याने म्हटल्यासारखं आठवायला लागलंय.

ताई बाकावर बसून गुडघा चोळत होती. चोळायची थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. नदीकडे बघत म्हणाली, पाणी छान आहे रे.

तिथे टॅक्सी येत नाही. होडीवाल्याने रंगाचे डबे खाली काढून त्याची हातगाडी दिली. ताई गाडीवर पाय लांब करून बसली, मी ढकलली. चढ होता. लोक बघत होते. तिने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय, पण हसत होती. म्हणाली, तुला शाळेत असंच ओढत न्यायचे मी, फक्त तू रडायचास.

घरी आल्यावर बायकोने गुडघ्याला बर्फ लावला. मला काहीही बोलली नाही. हं सुद्धा नाही.

रविवार, १० मार्च. सकाळी

गुडघा सुजलाय. बायकोने टुरिस्ट बसची तीन तिकिटं काढली. मी म्हणालो, ऑफिसात तातडीचं काम आहे. रविवारी? ती म्हणाली. मी म्हणालो, नकाशाला रविवार नसतो. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या गेल्या.

दुपारी १.१५

ऑफिसला कुलूप होतं, ते माहीतच होतं. नाट्यगृहाच्या चौकात उभा राहिलो. बस आली. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर ताई, लाल टोपी, कानात वायर. बायकोला बोट दाखवून काहीतरी सांगत होती, आणि गाइड माइक खाली धरून तिचं ऐकत होता. मी पुतळ्याच्या मागे गेलो. नकाशात त्या जागी कारंजं आहे.

संकल्प : काहीही नाही.

सोमवार, ११ मार्च

ताई गेली. गाडीत बसवून आलो.

निघण्याआधी तिने नणंदेला फोन लावला होता. मी आतल्या खोलीत तिची पिशवी भरत होतो, सगळं ऐकू येत होतं. अगं हो, ओलांडला की! भावाने हात धरून नेलं. लाकडी आहे, फळ्याफळ्यांचा. मधे गेलं की हलतो थोडासा. नाही गं, भीती कसली, हा होता ना बरोबर.

माझेच शब्द, एकही न बदलता.

मी पिशवी पुन्हा पहिल्यापासून भरली. बाहेर आलो तेव्हा ती चपला शोधत होती. तिला सॉरी म्हणायचं ठरवलं होतं, त्याऐवजी म्हणालो, गाडी प्लॅटफॉर्म तीनवर येते. ती पाचवर आली.

मंगळवार, १२ मार्च. दुपारी

ऑफिस. तेविसाव्या एडिशनची प्रुफं टेबलावर. पूल आहे. कपाटाच्या तळातून पहिल्या एडिशनचं प्रूफ काढलं. तिथे ठिपक्यांच्या वर बारीक अक्षरांत ‘नियोजित’ असा शब्द होता. त्यावर लाल रेघ, आणि समासात माझ्या हाताने : जागेत बसत नाही, काढावा.

पूल आहे की नाही, अशी विचारणा करणारी पत्रंही खालच्या कप्प्यात आहेत. प्रत्येकाला उत्तर दिलेलं आहे : नकाशा तपासूनच छापला जातो. अक्षर सुरेख आहे माझं.

आता पंचाईत अशी. पूल ठेवला तर होडीवाल्याला आणखी बाक लागतील. पूल खोडला तर नवा नकाशा ताईकडे जाणार, नणंद तो बघणार, आणि म्हणणार, वहिनी, कुठला पूल ओलांडून आलात? यंदा नकाशाच पाठवू नये, असाही एक मार्ग सुचला. मार्ग चांगला होता, एवढ्यासाठीच त्याचा भरवसा वाटेना.

तासभर लाल पेन हातात धरून बसलो. मग ताईला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी छापण्याआधी विचारलं. सगळं सांगितलं, शब्द काढल्याचंही. आणि होडीवाल्यासमोर जे बोललो, तेही.

ती म्हणाली, ते ऐकलं रे मी. गुडघे गेलेत, कान आहेत अजून.

मी म्हणालो, आता नणंदेला काय सांगशील?

तिला क्षणभरही लागला नाही. म्हणाली, काढ तू खुशाल. मी सांगीन, आम्ही जाऊन आलो आणि मागून पडला. जुनाच होता, हलतच होता.

मी पूल खोडला.

मग उगीच आवाज चढवून म्हणालो, ताई, वीस तारखेला ऑपरेशनला मी येणार. रजा टाकतोय. ती म्हणाली, ये. पण असं कर, नकाशा बघून नको, कुणाला तरी विचारत विचारत ये.

मी हसलो. रजेचा अर्ज लिहायला घेतला. मुक्कामाचा पत्ता या रकान्यापाशी थांबलो. नकाशाच्या पाकिटावर पत्ता दर वर्षी बायकोच लिहिते. नऊ वर्षांपूर्वी गेलो होतो. ती गल्ली आठवतेय, दाराचा रंग आठवत नाही, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर वळायचं कुठल्या बाजूला, तेही नाही.

घरी बायकोला फोन केला. ती दर वर्षी जाते. तिने सांगितलं. हळूहळू, दोनदा, मधे थांबून, मी लिहून घेतोय की नाही, याची खात्री करत.