शटरच्या दोन स्प्रिंगा

बाबा, आज यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मी अकरावीला स्प्रिंगांची जोडणी शिकवली. दोन सारख्या स्प्रिंगा शेजारी शेजारी लावल्या तर वजन दोघींत वाटलं जातं, प्रत्येकीत ऊर्जा कमी साठते. पण दोघींना प्रत्येकी एकटीइतकंच ताणलं, तर साठलेली ऊर्जा दुप्पट. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मला ते वहीतून कळलं नव्हतं.

मीही तेव्हा अकरावीत होते. तुमचा जोडीदार आजारी पडला म्हणून पुसदच्या त्या औषधाच्या दुकानाचं शटर बसवायला तुम्ही मला सोबत नेलंत. तुम्ही शिडीवर, मी स्टुलावर. दोन नव्या स्प्रिंगा तुम्ही एकाच पाइपावर चढवल्या, लोखंडी गजानं पाइप फिरवून दोघींत पीळ भरला आणि गज माझ्या हाती दिलात.

"घट्ट धरजो. मी बोल्ट कसून राह्यलो."

मी शहाणपणा केला, "दोन आहेत ना बाबा, जोर वाटल्या जाते."

"वजन वाटल्या जाते, बाई. पीळ नाही. तो दोघींचा मिळून हातावर येते."

तेवढ्यात रस्त्यानं माझ्या वर्गातल्या तिघी येताना दिसल्या. मी शटरवाल्याची मुलगी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओढणी तोंडावर घ्यायला मी एक हात सोडला. दुसऱ्या हातातून गज निसटला, गर्रकन फिरला आणि तुमच्या उजव्या हातावर बसला.

तीन बोटं मोडली, ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. त्यानंतर तुम्ही शिडी चढला नाहीत. दुसऱ्याच्या दुकानात बसून कुलपं विकलीत. दवाखान्यात आई रडत विचारत होती, कसं झालं हे? "माह्याच हातून सुटला गज. ध्यान नोतं," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे पाहिलंही नाहीत. घरी आल्यावर मात्र हळूच विचारलंत, "मैतरणी होत्या का तुह्या?" मी मान हलवली. तुम्ही पुढे काहीच विचारलं नाहीत, कधीच.

तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडे असते. आज जेवताना शेजारणीला सांगत होती, "लई चांगला कारागीर होता माणूस. एक दिवस ध्यान नोतं, अन् हात गमावला." माझ्या तोंडात घास होता. तो गिळून झाल्यावरही मी गप्पच राहिले.

हा कागद तुमच्यापर्यंत पोहोचायचा नाही. द्यायचा तर आईला द्यायला हवा, आणि ती बाजूच्याच खोलीत आहे. बाबा, मला अजून धीर होत नाही.