पाच-नऊचा प्रसाद

७ ऑक्टो. २००१, रविवार

सकाळी नेट, म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांची दर रविवारची हवेवरची हजेरी. मि.ने चहा आणून दिला आणि वर टोमणा: "लोक आता कॉम्प्युटरवर चॅट करतात. तुम्ही हौशी रेडिओवाले अजून ओव्हर-ओव्हर खेळताय." कंपनीने काम न देता बेंचवर बसवल्यापासून नवऱ्याच्या जिभेला दुसरं काम नाही.

शेवटी हडपसरहून जगताप काका आले. म्हणाले, "दिवाळी झाली की अँटेनाचा खांब उतरवतोय. दोन वर्सं बघतोय, मी बोलाय लागलो की मानसं पुढं जात्यात. म्हाताऱ्याचा कंटाळा आला आसंल. आसू द्या."

साठे नेट चालवतात. ते म्हणाले, "काका, तुम्ही पाच-नऊ. पुढचे कोण?"

पुढचे कोण! इतका राग आला. फौजेत सिग्नलमध्ये आयुष्य काढलेला माणूस. मला मोर्स त्यांनी त्यांच्या ओसरीवर बसवून शिकवलं, बोट चुकलं की पाटीवर पट्टी आपटून. अशा माणसाचा कंटाळा? पटत नाही. काहीतरी सिग्नलचंच आहे.

८ ऑक्टो.

साठ्यांना फोन. काका खरंच पाच-नऊ येतात का?

"अहो, आमच्याकडे सगळ्यांना पाच-नऊ. प्रसाद आहे तो. प्रसाद कोणी मापून देतं का?"

मि.ला सांगितलं: पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला, नऊ म्हणजे जोर पुरेपूर. तो म्हणाला, "थोडक्यात, सगळे वर्गात पहिले."

तेच तर. कानावर आणि सभ्यतेवर सोडून चालणार नाही. माझ्या रिसीव्हरला सिग्नलचा जोर मोजणारा मीटर नाही, तो बसवायचा. दिवाळीच्या आत.

१३ ऑक्टो., शनि.

जुन्या टेपरेकॉर्डरचा काटा काढून बसवला. दिसायला झकास. उद्या बघू.

१४ ऑक्टो., रवि.

काका बोलले आणि काटा थेट उजवीकडे. म्हणजे सिग्नल ठणठणीत, लोकच टाळतात? काकांना काय सांगू...

मग काका थांबले, तरी काटा खाली येईना. कोणीच बोलत नव्हतं.

चूक सापडली, माझीच. मीटरची तार, नको ते सिग्नल गाळणाऱ्या फिल्टरच्या आधी जोडली होती. तिथे दारातून येईल ते सगळं मोजलं जातं, आणि सध्या येतोय तो पलीकडच्या इमारतीवरचा पेजरचा टॉवर. मार्केट यार्डात एका माणसाचा आवाज मोजायला जावं आणि अख्ख्या यार्डाचा गलका मोजून यावं, तसं झालं. एवढी वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्टिंगमध्ये काढून ही अक्कल.

२० ऑक्टो., शनि.

तार फिल्टरच्या पुढे घेतली. आता कोणी बोलत नसलं की काटा मुकाट तळाशी.

साहेबांना विचारून रिसीव्हर ऑफिसात नेला, हवा तेवढा सिग्नल मोजून देणाऱ्या जनरेटरवर लावला. सिग्नल दर वेळी निम्मा करायचा आणि काटा थांबेल तिथे पेन्सिलची खूण, नऊपासून खाली एकपर्यंत. एका टोकाला खुणा दाटीवाटीने, दुसऱ्या टोकाला लांब लांब. पहिला कागद फाडला, परत सगळं केलं. दुसऱ्यांदाही तसंच आलं, म्हणजे बरोबर आहे.

घरी मि.: "तू सॉफ्टवेअरचा कोर्स कधी लावणार?" म्हटलं, काटा लागला की.

२१ ऑक्टो., रवि.

साठे नऊच्याही वर. बाकीचे सात, आठ. काका: दोन.

आणि तरी आवाज स्वच्छ. एफएमचं हेच लबाड आहे, शेवटपर्यंत आवाज नीट राहतो आणि मग एकदम जातो. दोघांनी एका वेळी बटण दाबलं तर जोरकस तेवढा ऐकू येतो. दुसरा जणू बोललाच नाही.

आज तेच झालं. काका मागाहून म्हणाले, "मगाशी साठ्यांना हाक मारली हुती." कोणालाच ऐकू आली नव्हती. त्याच वेळी कोथरूडवाले बोलत होते. काकांनी बटण सोडलं तेव्हा त्यांच्या कानावर काय पडलं असेल? दुसऱ्याच्याच गप्पा. अशी दोन वर्षं.

२६ ऑक्टो., दसरा

हडपसरला गेले. काकांनी सेटची पूजा केली होती, झेंडू, आपट्याची पानं. वाटलं, सांगितलं की खूश होतील. झालं उलटंच.

"म्हंजी दोन वर्सं पाच-नऊ खोटं?"

म्हटलं, काका, कोणाला तुमचा कंटाळा आलेला नाही.

"कंटाळा परवडला आस्ता, ताई. कंटाळा तरी खरा आस्तो."

गच्चीवर गेले. पश्चिमेला, माझ्या घराच्या दिशेला, गेल्या दोन वर्षांत वर आलेली बारा मजली इमारत उभी. काकांच्याच घरात राहणारा पुतण्या संतोष, त्यानेच तिच्यासाठी जमीन दिली. शिवाय अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी, आतलं तांबं हिरवं पडलेलं. जोड कापून नवा केला. काका शिडी धरून उभे. निघताना तेवढं म्हणाले, "मीटर लय बेस केलास."

२८ ऑक्टो., रवि.

काटा तीनच्या थोडा वर. जोडाचं होतं तेवढं मिळालं. उरलेलं इमारतीने खाल्लं, ते काही मला कापून काढता येणार नाही.

काका नेटवर: "आज मला काट्याकडं बघून सांगा. पाच-नऊ म्हननाऱ्याशी मी बोलनार न्हाई."

मग साठे. घसा खाकरला. "काका, माझ्याकडे आज तीन. त्याआधी बरेच महिने दोनच होते." साठ्यांचं टोमण्याशिवायचं हे पहिलंच वाक्य मी ऐकलं.

पुढचंही साठेच बोलले. म्हणाले, यापुढे कोणीही बटण दाबण्याआधी एक श्वास थांबायचं, हलका सिग्नल असेल त्याला आधी वाट. सगळे हो म्हणाले. बघू किती रविवार टिकतं.

११ नोव्हें., रवि.

टिकतंय. कोथरूडवाले दोनदा विसरले, दोनदा साठ्यांची बोलणी खाल्ली.

काकांनी फोनवर सांगितलं, खांब उतरवला. म्हटलं, दिवाळीच्याही आधी? तर म्हणाले, "आगं, उंच करायला उतरिवला. अजून एक पाइप जोडायचा." मग संतोषने फोन घेतला. "ताई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललंय. हे घर बी पुढंमागं बिल्डरलाच द्यायचं हाय. खांबाचं नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, ते बोलला नाही. मागून काकांचा आवाज: "आडवा हाय, पर मोडल्याला न्हाई."

पाइप मीच घेऊन जाणार. संतोषशी समोरासमोर बोलणार. मि. येतो म्हणालाय, आपणहून.

१८ नोव्हें., रवि.

पाइप नेला. संतोषने अंगणात ठेवून घेतला, गच्चीची किल्ली काही दिली नाही. परत शनिवारी जाणार.

आज नेटवर काका नसणार हे धरूनच चाललो होतो. खांब अंगणात, अँटेना खाटेखाली. साठ्यांनी तरी त्यांचं नाव पुकारलं. सगळे थांबले. एका श्वासापेक्षा जास्तच थांबले.

आवाज नाही. नुसती खरखर. पण काटा तळापासून सुटला, पहिल्या खुणेच्याही खाली, केसभर. मग पडला. मग परत उचलला. काका हातातला छोटा सेट घेऊन अंगणात उभे असतील. ते किंवा दुसरं कोणी, मीटरला माणूस ओळखता येत नाही.

साठे म्हणाले, "कोणाला काही आलं का?"

मी बटण दाबलं. "शब्द एकही नाही. काटा हलला. काका, असाल तर परत बोला, आम्ही थांबलोय."