गादीवाल्याची मोडकी झोप

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (सध्या सातच अंगांनी, आठवं, म्हणजे डावा खांदा, पट्ट्यात बांधलेलं आहे.) तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमचं औषधांचं दुकान, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो.

मी पडलो ते तुला कळलंच असेल. दुकानभर गाद्या, ढिगावरून घसरलो तो नेमका मधल्या वीतभर फरशीवर. नशिबाला काय म्हणावं! शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी अफूच्या जातीची एक जबर गोळी दिली. दुखणं पळालं आणि गुंगी आली. आली म्हणजे काय, मोजपट्टी हातात असताना आली, घास तोंडात असताना आली. परवा एका जोडप्याला गादी दाखवायला म्हणून तिच्यावर जरा बसलो आणि "ही गादी म्हणजे" इथवर बोलून तिथेच आडवा झालो. ती दोघं थोडा वेळ बघत उभी राहिली आणि तीच गादी घेऊन गेली. (मला उठवून, अर्थात.) मालकच असा झोपतो म्हणजे माल खरा, अशी आता बाजारात बोलवा आहे.

पण तुला म्हणून सांगतो, ही झोपच नव्हे. वरून साय दिसते, खाली दूध नाही. उठतो तेव्हा रात्रभर गाद्या वाहिल्यासारखं अंग होतं. डॉक्टर म्हणाले, या गोळीने डोळे मिटतात, पण गाढ झोप लागत नाही. जन्मभर लोकांना झोप विकली आणि हा फरक आत्ता कळतोय. त्यातून जी काही लागते ती तुझी भावजय मोडते. डोळा लागला की बरगडीत कोपर! विचारलं तर म्हणते, घोरत होतात. इतकी वर्षं माझ्या घोरण्यात ती खुशाल झोपत होती, आताच कान इतके तिखट कुठून झाले? स्वतः मात्र दिवसा पेंगते. काल चहात मीठ घातलं आणि वर मलाच विचारलं, चहा असा का लागतोय.

असो. भाऊजींना माझ्या उरलेल्या अंगांचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. डॉक्टर झोपेची गोळी द्यायला साफ नाही म्हणतात, या गोळीबरोबर चालत नाही म्हणे. त्यांचं काय जातंय, त्यांची झोप शाबूत आहे. पत्र घेऊन येणाऱ्या आपल्या हमालाच्या हाती झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी गुपचूप पाठव. तुझ्या भावजयीला कळू देऊ नकोस. एकदा तरी गाढ झोप

ता. क. दुसरा. वन्सं, इथे ह्यांचा डोळा लागला. पत्र छातीवर होतं म्हणून वाचलं. गोळ्या अजिबात पाठवू नका. ह्यांच्या घोरण्याची मला सवय आहे. हल्ली हे मधेच घोरायचं थांबतात, श्वासच थांबतो. कोपर मारलं की परत घेतात. घाबरतील म्हणून ह्यांना सांगितलं नाही. आज राहवेना, डॉक्टरांना फोन केला. लगेच घेऊन या म्हणाले, गोळी बदलावी लागेल. गाडी येतेय, तोवर ह्यांना हलवत हलवत हे लिहिते. तुमच्याशी फोनवर बोलले असते तर रडू आलं असतं. दवाखान्यात श्वासावर लक्ष ठेवायला यंत्र आहे म्हणतात, पण यंत्राच्या भरवशावर मला झोप यायची नाही. हमालाबरोबर तुम्हीच या. एक रात्र ह्यांच्याजवळ तुम्ही बसा. मी आमच्या दुकानातल्या एखाद्या गादीवर झोपून बघते.