उणे दीडशे व्होल्ट आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी कारखान्यात मापयंत्रे तपासणारा आणि आता हौसेखातर घरात जुनी मापयंत्रे दुरुस्त करणारा, राहणार दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपणाबद्दल थोडा खुलासा करावा लागेल. गेल्या महिन्यात मी माझ्या ऑसिलोस्कोपमध्ये दोन्ही हात घातले. यंत्र बंद होते, पण आतला मोठा कपॅसिटर वीज पोटात धरून बसला होता. त्याने मला उचलून थेट सौ.च्या कपाटावर आदळले. कपाटाला पोचा आला, मला काही झाले नाही, पण घरात गहजब झाला. सौ.ने यंत्राचा फ्यूज काढून आपल्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "आधी मृत्युपत्र करा, मग काय तो करंट खा." याला दडपण म्हणायचे का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "याला संसार म्हणतात. लिहा तुम्ही."

वकीलबाईंनी तीन गोष्टी बजावल्या आहेत. खाडाखोड करायची नाही. आधी एक आणि नंतर दुसरे लिहिले, तर नंतरचे खरे धरले जाते. आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली, तर त्याच्या वाट्याचे गेलेच म्हणून समजा.

कलम १. राहते घर सौ.ला. यात मधली खोलीही आली, जिला मी प्रयोगशाळा म्हणतो आणि ती अडगळ म्हणते. त्या खोलीतले तिचे कपाट एकोणीस वर्षांपूर्वी "आठ दिवसांपुरते" आत आले, हे मी येथे नोंदवून ठेवतो. कपाटामुळे माझे टेबल निम्मे झाले आणि निम्मी यंत्रे भिंतीवरच्या फळीवर उभी करून ठेवावी लागली. तक्रार नाही, फक्त नोंद.

कलम २. बँकेत जे असेल ते सौ. आणि लेक यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडू नये. भांडायला मी नसणार, मग मजा काय?

कलम ३. हत्यारे लेकीला. सोल्डरिंग आयर्न, चिमटे, आरसा लावलेली दांडी आणि स्क्रूड्रायव्हरचा संच. संचात पिवळ्या मुठीचा एक कमी भरेल, तो स्वयंपाकघरात डब्यांची झाकणे उचकटण्याच्या सेवेत आहे. लेकीला एकच ताकीद: उघड्या यंत्रात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे धक्का बसला तरी छातीतून आरपार जात नाही. हा नियम मी चौतीस वर्षे लोकांना शिकवला. गेल्या महिन्यात मी खिसा नसलेला पायजमा घातला होता.

कलम ४. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेले भिंतीवरचे घड्याळ कारखान्याला परत. दिवसाला चार मिनिटे मागे पडते. मापयंत्रे तपासणाऱ्या माणसाला असले घड्याळ देताना त्यांना काहीच कसे वाटले नाही, देव जाणे.

कलम ५. माझ्या धाकट्या भावाला: काही नाही.

असे का, ते सांगितले पाहिजे, नाहीतर माझ्यामागे लोक मला कद्रू म्हणतील. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एका कॉलेजच्या भंगारातून हा ऑसिलोस्कोप आणला. वीज पडद्यावर हिरव्या रेघेने काढून दाखवणारे हे यंत्र. वजन दोन पोती तांदळाएवढे, आत जुन्या रेडिओत असत तसे काचेचे पंचेचाळीस व्हॉल्व्ह, आणि एका व्हॉल्व्हमध्ये झुरळाचा संसार. नाही, व्हॉल्व्हमध्ये नाही, व्हॉल्व्हच्या खाली. मृत्युपत्रात अतिशयोक्ती नको. घरात त्याला सगळे "पेटी" म्हणतात. तीन वर्षे दर रविवारी धाकटा यायचा. मी सोल्डर करायचो, तो पेटीच्या तारांच्या नकाशावर बोट ठेवून बसायचा. सौ. चहा आणून दारातूनच द्यायची, कारण आत पाय ठेवायला जागा नसायची. माझ्या आयुष्यात याहून चांगले रविवार झाले नाहीत.

पेटीत एक मुख्य व्होल्टेज असते, उणे दीडशे. ते बरोबर लागले की बाकी सगळे त्याच्या मागे आपोआप बरोबर लागते. शेवटच्या रविवारी धाकट्याने स्क्रू फिरवून ते लावले. त्याचे मीटर म्हणाले, दीडशे. फळीवरचे माझे मीटर म्हणाले, एकशे सत्तेचाळीस.

"दादा, तुझं मीटर खोटं बोलतंय," तो म्हणाला.

"हे मीटर तुझ्या लग्नाच्या आधीपासून या घरात आहे," मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? मीही तुझ्या लग्नाच्या आधीपासून या घरात आहे. माझं कधी ऐकलंस?"

शब्दाने शब्द वाढला. पेटीच्या तोंडाशी एक खाच आहे, तिच्यात एक डबा बसतो. त्याच्याशिवाय पडद्यावर रेघ येत नाही. धाकट्याने तो डबा उपसला, काखेत मारला आणि दारातून म्हणाला, "ज्या दिवशी दीडशे म्हणशील, त्या दिवशी फोन कर." याला नऊ वर्षे झाली. पेटी तोंड वासून बसली आहे, आणि त्या स्क्रूवर मी कागद चिकटवून लिहिले आहे: "पुरावा. हात लावू नये."

कलम ६. लेकीने वाढदिवसाला दिलेले डिजिटल मीटर लेकीला परत. चांगले असेल, रिमोटचे सेल तपासायला सौ. वापरते. लेकीने एकदा हौसेने ते पेटीला लावले तर आकडा आला एकशे एकोणपन्नास पूर्णांक नऊ. म्हणजे धाकट्याच्या बाजूने! त्यावरूनच त्या खेळण्याची लायकी कळते.

कलम ७. पेटी कोणाला द्यावी, हा प्रश्न मला महिनाभर छळतो आहे. लेक म्हणते, "बाबा, माझ्या घरात ती मावेल, पण मग मी मावणार नाही." सौ. तर भंगारवाल्याला नावाने हाक मारते. डबा नसलेली पेटी भंगारवाला वजनावर घेईल, पेटी नसलेला डबा धाकट्याकडचा भंगारवाला वजनावर घेईल, आणि दोन्ही तराजूंवर आमची तीन वर्षे जातील. सबब पेटी एखाद्या कॉलेजला द्यावी. कॉलेजवाल्यांनीच ती फेकली होती हे मला माहीत आहे. पण दुसरे सुचत नाही.

कलम ८. हे लिहायला घेतल्यापासून आज दुसरा रविवार. वकीलबाई म्हणाल्या की यंत्रांची यादी नंबरांसकट हवी. नंबर मागच्या बाजूला असतात, म्हणून फळीवरचे मीटर नऊ वर्षांनी प्रथम खाली काढले. नंबर उतरवला, मीटर टेबलावर आडवे ठेवले, काच पुसली. काट्याखाली डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढी एक खूण असते. मीटर उभे ठेवून वाचायचे की आडवे, ते ती खूण सांगते. चुकीच्या बाजूने ठेवले तर काटा आपल्याच वजनाने थोडा ढळतो.

खूण आडव्याची होती.

मी खुर्चीवर बसलो. मग सौ.कडे पंधरा मिनिटांसाठी फ्यूज मागितला. ती म्हणाली, "मृत्युपत्र झालं?" मी म्हणालो, "अगं, त्यासाठीच हवाय." तिने फ्यूज दिला आणि स्वतः दारात उभी राहिली, हातात लाकडी पोळपाट घेऊन, धक्का बसला तर मला ढकलायला, असे ती म्हणाली. मी खिसा असलेली पँट घातली. मीटर उभे: एकशे सत्तेचाळीस. मीटर आडवे, काटा आधी शून्यावर आणून: दीडशे. पुन्हा उभे, पुन्हा आडवे. सात वेळा केले. पोळपाट धरून तिचा हात दुखला.

कारखान्यात माझ्या खोलीच्या दारावर मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: "आधी खूण बघा, मग काटा." ही चूक करणाऱ्या नव्या लोकांना मी सगळ्यांदेखत ती पाटी तीनदा वाचायला लावत असे. त्यातला एक रडला होता. त्याचा पत्ता मिळाल्यास माझ्या वतीने त्याची माफी मागावी.

कलम ९. कलम ५ आणि ७ रद्द. पेटी माझ्या धाकट्या भावाला. माझे मीटरही त्यालाच. माझ्या पश्चात त्याला असे कळवावे की त्या दिवशी दीडशेच होते, चूक माझी होती, आणि नऊ वर्षांत असा एकही रविवार गेला नाही की मी चारच्या सुमाराला जिन्यावरच्या पावलांकडे कान लावले नाहीत.

कलम १०. वरील कलम सौ.ने माझ्या खांद्यावरून वाचले. काय झाले ते जसेच्या तसे लिहितो, कारण खोडता येत नाही.

"म्हणजे माफी मेल्यावर मागणार?"

"कायदेशीर रीतीने मागतोय."

"आणि तोवर काय भाऊजी तुमच्या मरणाची वाट बघत बसणार? अहो, त्यांचंही वय झालंय. ते आधी गेले तर हा कागद कुणाला वाचून दाखवू? त्या पेटीला?"

तिने फोन लावला. नंबर तिला तोंडपाठ होता. नऊ वर्षे ती त्याच्याशी बोलत होती, हे मला तेव्हा कळले. "भाऊजी, तुमच्या दादांना काहीतरी सांगायचंय," एवढे बोलून तिने फोन माझ्या कानाला लावला आणि पोळपाट घेऊन समोर उभी राहिली.

मी म्हणालो, "दीडशे."

पलीकडून तो म्हणाला, "आडवं ठेवलंस होय?"

म्हणजे त्याला माहीत होते! "मग तेव्हाच का नाही बोललास, गाढवा?" मी ओरडलो.

"जिना उतरताना लक्षात आलं," तो म्हणाला. "वर यायला लाज वाटली. डबा काखेत होता ना."

कलम ११. आज तिसरा रविवार. धाकटा चार वाजता आला. डबा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणला होता. दर दिवाळीला घर आवरताना त्याच्या बायकोने तो टाकायला काढला आणि दर वेळी याने पलंगाखाली दडवला, असे कळले. तो थकला आहे, केस गेले आहेत, डबा उचलताना धाप लागली. मी मात्र आहे तसाच आहे, असे मी म्हणालो. त्यावर तो आणि सौ. दोघे इतके हसले की मृत्युपत्र बाजूला ठेवावे लागले. पुरावा म्हणून लावलेला कागद त्याने नखाने खरवडून काढला. डबा खाचेत बसला. सौ.ने फ्यूज न मागता दिला. व्हॉल्व्ह तापायला एक मिनिट लागते. मग पडद्यावर हिरवी रेघ आली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. मी चष्मा पुसला. धाकट्यानेही पुसला, आणि तो तर चष्मा लावतच नाही. त्याने माझाच घेऊन पुसला.

कलम ९ कायम. फक्त "माझ्या पश्चात कळवावे" एवढे रद्द. कळवले.

कलम १२. वर ज्याचा उल्लेख नाही ते, आणि जो वाटा काही कारणाने ज्याच्या त्याला मिळणार नाही तोही, सर्व सौ.ला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करीत आहे.

ठिकाण: मधली खोली, टेबलाची उरलेली अर्धी बाजू.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी सहा. कारखान्याच्या घड्याळात पाच छप्पन्न.

सही: मोठा भाऊ, म्हणजे वर लिहिणारा मी.

साक्षीदार पहिला: मी, तळमजल्यावरचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. मला बोलावताना चहा देऊ म्हणाले होते, तो मिळाला.

साक्षीदार दुसरा: समोर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांना बोलावले होते, पण त्यांच्याकडे पेशंट आला. म्हणून मी, धाकटा भाऊ, सही करतो. सही केली तर पेटी मला मिळणार नाही, हे दादाने तीनदा ओरडून सांगितले आणि वकीलबाईंनी फोनवर समजावले. मला कळले आहे. कलम १२ प्रमाणे पेटी वहिनींना जाईल आणि त्या ती दुसऱ्याच दिवशी भंगारात देतील, असे त्यांनी माझ्यासमोर स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा पेटी टिकायची असेल तर दादाने टिकले पाहिजे, दुसरा इलाज नाही. पेटी एकट्याने घरी नेऊन मी काय करू? नकाशावर बोट मी ठेवतो, सोल्डर दादा करतो. मी दर रविवारी चारला येईन. उणे दीडशे आज पुन्हा मोजले, दोन्ही मीटर आडवे ठेवून.