हॉल घुमायचा थांबला

३ मार्च, सकाळी
मीटिंग हॉल फार घुमतो म्हणून डायरेक्टरसाहेबांनी आवाज शोषणारी पॅनेलं बनवायचं काम माझ्याकडे दिलं. पातळ पत्रा, त्याला बारीक भोकं, मागे पोकळी. दोन आठवड्यांचं काम. सेक्शन हेडची खुर्ची रिकामी आहे, हेही साहेबांच्या लक्षात असणारच. आजपासून चहा बंद. डोकं शांत हवं.

४ मार्च
चहा घेतला. शांत डोक्याला काही सुचेना.

१९ मार्च
पहिला नमुना आवाज मोजायच्या टेस्टच्या नळीत बसवला. अकरा टक्के आवाज शोषला. नळी जुनी आहे. हाताखालची नवी इंजिनीअर म्हणाली, सर, भोकं मोठी झालीत. म्हटलं, अनुभव आला की कळेल.

२ एप्रिल
दुसरा नमुना. नऊ टक्के. नळी आणखी जुनी झाली.

११ एप्रिल
सर्दीने तीन दिवस रजा. परत येतो तर त्या नव्या इंजिनीअरने भोकं अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणलेली, तीही चार मापांची. नव्वद टक्के! जाताना मी ‘बघ जरा’ म्हणालो होतो, त्यातच सगळं आलं. रिपोर्टवर उगाच वाद नको म्हणून माझं एकट्याचं नाव टाकलं. बायको म्हणाली, तिचंही टाका. बायकोला ऑफिसातलं कळत नाही.

६ मे
पॅनेलं बसली. टाळी वाजवली, जागच्या जागी विरली. उद्या सगळ्यांपुढे प्रेझेंटेशन. तयारीची गरज नाही. नऊ वर्षं याच हॉलमध्ये बोलतोय, कोणी उलट विचारलेलं नाही.

७ मे, दुपारी
साहेबांनी विचारलं, भोकं चार मापांची का? नेहमीसारखं भिंतीकडे वळून पुटपुटलो की एकंदरीत दिसायला बरं. शेवटच्या रांगेत कोणीतरी हसलं. तिथपर्यंत कधी काही पोचायचं नाही.
साहेब शांतपणे म्हणाले, “पुन्हा सांगा. आज पहिल्यांदाच तुमचा शब्द न् शब्द ऐकू येतोय.”
घसा बसलाय, म्हटलं. तेही स्पष्ट ऐकू आलं.
मग साहेबांनी नव्या इंजिनीअरला उभं केलं. कुठलं भोक कुठल्या पट्टीतला आवाज पकडतं, हे तिने दोन मिनिटांत सांगितलं. मलाही समजलं.

९ मे
प्रोजेक्ट तिच्याकडे. सेक्शन हेड बाहेरून येणार. माझ्याकडे पॅनेलांची देखभाल, म्हणजे भोकांत धूळ बसू द्यायची नाही. स्वतंत्र जबाबदारी आहे. बायकोने विचारलं, हाताखाली कोण?
म्हटलं, ब्रश.