कोंबडा कुठल्या बाजूला होता

माधवनगर, शनिवार, जानेवारी १९७५

सांगलीला सिनेमाला निघायचंय. शालन वेणी घालतेय, तेवढ्यात लिहून टाकतो.

आज हट्टानं लग्नाआधीची काळी नॅरो पँट ट्रंकेतून काढली. गिरणीतली पोरं हल्ली बेलबॉटमनं रस्ता झाडत फिरतात, मला नाही आवडत. श्वास धरून बटण लावलं. शालन म्हणाली, "आवं, शिंप्याकडनं खाली कळी घालून घ्या की, बेलबॉटम हुईल." म्हटलं, हिला कात्री लावायची नाही. हीच घालून तुला बघायला साताऱ्याला आलो होतो.

टोकदार बूट, कॉलर वर, कपाळावर केसांचा हा एवढा कोंबडा. तिचे वडील माझ्यापेक्षा कोंबड्याकडंच जास्त बघत होते. पोरगी दिली, पण लग्नाआधी केस बारीक करायचे, या अटीवर. केले. परत कधी वाढवलेच नाहीत.

आता वाढवायला उरलेत कुठं? तरी तेल लावून, फणी फिरवून एक कोंबडा उभा केला. केविलवाणाच दिसला. मोडणार, तेवढ्यात शालननं फणी काढून घेतली. "असा न्हाई. उजवीकडं झुकल्याला हुता." आणि झुकवला. अगदी तसाच.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. बघायच्या दिवशी ती पाटावर बसली होती, आणि उठेपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नव्हती. आमची आई त्याच गोष्टीवर खूश झाली होती.