भुरीच्या गळ्यात माळ नव्हती

आई, काल मी शेजारच्या वहिनींना चांगलंच झाडलं, आणि झाडताना तोंडातून सगळे शब्द तुझे निघाले. त्यांच्या मुलीनं मांजराचं पिल्लू आणलंय. घर शाकाहारी, म्हणून त्यालाही दूध-पोळी, वर लाडाची बिस्किटं. पिल्लाचं पोट सुटलंय आणि पाय नुसत्या काड्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही काय खायचं ते तुम्ही ठरवा, त्याच्या पोटाचं कशाला ठरवता? बाई फुगल्या. फुगू देत. संध्याकाळी आल्याच परत विचारायला, उकडलेलं अंडं चालेल का म्हणून. चालेल म्हटलं, पण नुसत्या अंड्यावर भागायचं नाही. मंचरच्या या गल्लीत मला मांजरवाली मावशी म्हणतात, आई. कुणाच्या मांजराची लघवी अडली की माझ्या दाराशी. मी आधी त्यांना डॉक्टरकडे पिटाळते, मग खाण्यापिण्याचं सांगते, आणि शेवटी न चुकता म्हणते, हे सगळं माझ्या आईनं सुरू केलं.

आपल्या गावी डिंगोऱ्याला उसात वाघ हिंडायला लागला होता ती वर्षं आठवतात ना? होता बिबट्याच, पण आपण सगळे वाघच म्हणायचो. वस्तीवरची कुत्री एकेक करून गेली, तेव्हा आजोबांनी फर्मान काढलं की भुरीला दाराबाहेर सोडायचं नाही. तुझे सासरे कडक माणूस, पण त्या भुऱ्या मांजरीपुढं मऊ. हरिपाठाला बसले की ती मांडीवर हवीच. तर भुरी घरात कोंडली गेली. धान्य पत्र्याच्या कोठीत, घर सिमेंटचं, उंदीर दिसेना. घर तीन पिढ्यांचं माळकरी, कांद्याचीसुद्धा चातुर्मासात बंदी, तिथं मांजराला काय मिळणार? दूध-भाकरी. सगळ्यांना वाटायचं, सुखात आहे, घरचं दूध पितेय. वर्ष-दीड वर्षात तिच्या अंगावरचा केस राठ झाला, ती जिन्याच्या पायरीला धडकायला लागली, चार पावलं चालली की धापा टाकायची. आजोबा म्हणायचे, म्हातारी झाली. तुला ते पटत नव्हतं.

डेअरीचे डॉक्टर गाईला बघायला आलेले असतात. तू भुरीला पदरात गुंडाळून गोठ्यात घेऊन येतेस. "डॉक्टर, हिच्या डोळ्यात काय झालंय बघा की." ते बॅटरी मारून बघतात, छातीला कान लावतात, काय खायला घालता विचारतात. मग सांगतात की मांजराला मांस लागतंच. डोळे आणि काळीज त्यावरच चालतं, दुधाभाकरीत ते नसतं. बाहेर होती तेव्हा उंदीर धरून खायची, म्हणून धड होती. गेलेली नजर येणार नाही, उरलेली राखता येईल. मासे, कोंबडीचं मांस, कलेजी थोडीच, आणि मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. तू सगळं दोनदा विचारून घेतलंस. मी शेजारी गाईचं दावं धरून उभी होते, कॉलेजातली, आणि मला वाटलं, झालं, आता ही मांजर मरणार, कारण आपल्या घरात वशाट येणं शक्यच नव्हतं.

आजोबांसमोर कुणी बोलत नसे. माझ्या बापाची स्वतःच्या बापासमोर तोंड उघडायची टाप नव्हती. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि बोललीस. आजोबा म्हणाले, "आपल्या दारात वशाट शिजायचं न्हाई. गळ्यात माळ हाय तुझ्या." तू म्हणालीस, "मामा, माळ मी माझ्या तोंडाला घातलीय. भुरीच्या गळ्यात कुणी घातली? तुमच्या मांडीवर बसून आंधळी व्हतीय ती, अन् आपण तिला हरिपाठ ऐकवतोय." आजोबा उठले आणि एवढंच बोलले, "त्या हातानं शिजवशील तर त्या हाताचं मी खाणार न्हाई." तू "बरं" म्हणालीस. आवाज कापला नाही तुझा, आई. मी मात्र दाराआड लपून ऐकत होते.

मग ओतूरच्या बाजारात आपण दोघी. माळकऱ्यांची सून चिकनच्या दुकानासमोर उभी, आणि अख्खा बाजार वळून बघतोय. दुकानवाले चाचा आपल्या घराला ओळखणारे. सुरी तशीच हातात धरून म्हणाले, "वहिनी, तुमी? पावणं आलेत का काय?" तू म्हणालीस, "पावणं न्हाईत, मांजर हाय." ते हसले नाहीत, हे मला अजून आवडतं. त्यांनी चरबी काढून, बारीक तुकडे करून दिले आणि धरणावरचे ताजे मासे कुणाकडं मिळतील तेही सांगितलं. गोठ्यामागं तीन दगडांची चूल, जर्मनचं एक वेगळं पातेलं. शिजवायचं, काटे काढायचे, कोमट रस्सा वर ओतायचा, कारण भुरी पाणी कमी प्यायची. मग अंघोळ, मगच घरात. हळूहळू तू तिचं पाणी खाण्यापासून लांब ठेवायला लागलीस, कारण तसं ठेवलं की ती जास्त प्यायची, सकाळच्या उन्हात तिला विंचरायला लागलीस, दोरीला चिंधी बांधून तिला खेळवायला लागलीस. बायका तोंडावर बोलायच्या, "सासऱ्याला उपाशी ठेवून मांजर पोसतीय." आजोबा उपाशी नव्हते, चुलती त्यांचं ताट करायची. पण तुझ्या स्वयंपाकाला ते शिवत नव्हते, आणि ज्या घरात तू लग्न होऊन आल्यापासून भाकरी थापलीस तिथं हे रोज दोन्ही वेळा सोसणं सोपं नव्हतं. एकदा पीठ मळताना तुझे डोळे भरलेले मी पाहिले. मी काही बोलायच्या आत तू मला पाणी आणायला पाठवलंस.

भुरीची नजर आली नाही. पण धाप थांबली, केस मऊ झाला, आणि एक दिवस ती अंदाजानं उडी मारून पुन्हा आजोबांच्या मांडीवर गेली. ते हरिपाठ म्हणत होते. म्हणायचे थांबले, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तेव्हा चुलती ताट घेऊन आली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. थोरली वाढंल." तू वाढायला वाकलीस. त्यांनी विचारलं, "भुरीचं झालं का?" तू म्हणालीस, "झालं मामा, तिचं आधी केलं." ते जेवले. तू टोमणा मारला नाहीस, मान वर करून बघितलं नाहीस, नुसती दुसरी भाकरी वाढलीस. मी असते तर गावभर मिरवले असते.

आणि मिरवतेच आहे की आता, तुझ्या नावानं. लई अभिमान वाटतो, आई, हे तू असताना बोलायला हवं होतं. हा कागद कुठं धाडायचा हे काही मला ठाऊक नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते, रागावू नको. दारात तीन मांजरं आहेत, त्यांचे मासे मी रोज मागच्या दारी तीन दगडांच्या चुलीवर नाकाला पदर लावून शिजवते, आणि पाय घासायला आली की अजून अंग चोरते. मला मांजरं कधीच आवडली नाहीत. चुलीपाशी असं बसलं की तुझ्याशेजारी बसल्यासारखं वाटतं, म्हणून पाळलीत.